पेन्शनच अडीच हजारांची, आणि म्हणे खात्यात दोन हजारांवर ठेवू नका

माझी आतेबहीण पारोळ्याला असते. लहानपणीच्या पोलिओत डावा पाय गेला. साड्यांना फॉल-पिको करून पोट भरते. परवा तिचा फोन आला : “भाऊ, बठ्ठा पैसा काढी लिना. नही ते पेन्शन बंद व्हई जाई.” पोस्टातली महिना ५०० ची आर.डी., ४२ हप्ते भरलेली, मोडून आली होती. २१ हजार आणि वरचं थोडं व्याज डब्यात घालून डबा दादरच्या, म्हणजे ज्वारीच्या, कोठीत पुरला.

हे सगळं एका मेसेजपायी. भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आलेला मेसेज असा : ‘दिव्यांग पेन्शनधारकांनो सावधान! खात्यात २,००० पेक्षा जास्त शिल्लक आढळल्यास पेन्शन कायमची बंद. बँक दर महिन्याला तहसीलला यादी पाठवते. पैसे नातेवाइकाच्या नावावर करा, किंवा दिव्यांगत्व ४६ वर्षांच्या आत आलं असेल तर सरकारी एबल खातं उघडा. नोंदणी ४९९ रुपये, लिंक खाली.’

मी आठवड्यातून दोन दिवस तहसीलच्या आवारात लोकांचे फॉर्म भरून देतो. या मेसेजबद्दल तिथे पंधरा दिवसांत इतक्यांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकतो.

आधी दोन हजारांचं बघू. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये मिळतात. म्हणजे मेसेजवाल्याच्या हिशोबाने पेन्शन जमा झाली की त्याच क्षणी पेन्शन बंद! हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या एकालाही एवढी वजाबाकी सुचली नाही? आपल्याकडे अट आहे ती उत्पन्नाची. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत असावं लागतं, तेही तहसीलदारांच्या दाखल्यावर. पासबुकात शिल्लक किती, हे त्या अर्जात कुणी विचारत नाही.

मग दोन हजार आले कुठून? अमेरिकेतून. तिथे एसएसआय नावाची मदत आहे. ती घेणाऱ्या एकट्या माणसाची बचत-मालमत्ता २,००० च्या वर जाऊ नये असा नियम आहे, पण ते डॉलर, रुपये नव्हेत. १९८९ पासून हा आकडा हललेला नाही. त्यातून वाट म्हणून तिथे २०१४ च्या कायद्याने ‘एबल’ खाती आली. त्यातले एक लाख डॉलरपर्यंत त्या मर्यादेत धरत नाहीत. दिव्यांगत्व आधी २६ च्या आत आलेलं लागायचं, १ जानेवारी २०२६ पासून ४६ च्या आत. मेसेजमधले ४६ तिथलेच. कुणीतरी तिकडचा व्हिडिओ ऐकला, डॉलरचे रुपये केले आणि खाली ४९९ ची लिंक चिकटवली. भारतात असलं खातंच नाही, त्यामुळे ती नोंदणी कशाची हे वेगळं सांगायला नको. लिंक उघडून ओटीपी दिला असेल तर आधी बँकेत पळा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा.

नातेवाइकाच्या नावावर पैसे करायचा सल्ला मला सगळ्यात घाण वाटतो. दिव्यांग माणसाचा पैसा ‘सांभाळणारे’ भाऊ-भाचे कमी नाहीत, आणि इथे तर त्यांच्या हातात निमित्तच दिलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ सांगतं की मालमत्ता बाळगायचा, आपले पैशाचे व्यवहार स्वतः चालवायचा आणि कर्ज घ्यायचा हक्क दिव्यांगांना इतरांइतकाच आहे. मेव्हण्याच्या खात्यात पैसे गेले असते, तर ते परत मागायला माझ्या बहिणीने कुठे जायचं?

बँकेच्या यादीबद्दल एवढंच : पेन्शन अडकते ती हयातीचा दाखला राहिला, उत्पन्नाचा दाखला जुना झाला किंवा आधार भलत्याच खात्याला जोडलेलं निघालं म्हणून. माझ्याकडे येणारे बहुतेक यातलेच.

आता थोडं खरंही आहे, ते मान्य करतो. व्याज हे उत्पन्नच. लाखाची ठेव सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाचे ७,००० उत्पन्नात मिळवावे लागतील. घरात दुसरी कमाई असेल तर पन्नास हजारांची रेघ जवळ येते. पण मोजतात ते व्याज, मुद्दल नाही. आणि पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या ‘स्मॉल’ खात्यात शिल्लक ५०,००० च्या वर चालत नाही. तो नियम बँकेचा आहे, पेन्शनशी त्याचा संबंध नाही. कागद दिले की मर्यादा जाते.

बहिणीचं मात्र नुकसान झालंच. पाच वर्षांची आर.डी. तीन वर्षांनंतर मोडता येते, पण व्याज बचत खात्याचं, चार टक्क्यांचं मिळतं. पोस्टात विचारून आलो, मोडलेली परत जोडत नाहीत. काल पारोळ्याला जाऊन तिच्यासोबत डबा काढला. नोटांना दादरीचा भुसा चिकटला होता, तो तिने पदराने एकेक करून पुसला. सोमवारी नवी आर.डी., पहिल्या हप्त्यापासून.