किल्ला बांधणी संचाबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानातून नेलेल्या किल्ला बांधणी संचाला आपण एक तारा दिला आहे. लक्ष्मीपूजनापर्यंत किल्ल्यावर अळीव उगवले नाही, बी जुने होते, तटबंदीला भेगा पडल्या, आराखडा रायगडाचा नव्हता आणि 650 रुपयांना आम्ही माती विकतो, असे आपले म्हणणे आहे. ऐन सणात आपला व आपल्या मुलाचा हिरमोड झाला, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. तथापि ‘बी जुने होते’ हे वाक्य आमच्या फार जिव्हारी लागले असून, ते वाचून इतर पालकांचा गैरसमज होऊ नये म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपण संच धनत्रयोदशीच्या संध्याकाळी नेलात. त्या वेळी दुकानात मी स्वतः होतो आणि ‘अळीव आज रात्रीच टाका, तरीसुद्धा लक्ष्मीपूजनाला हिरवळ दिसणे कठीण आहे’ असे आपल्याला सांगितल्याचे मला स्पष्ट आठवते. अळिवाला मोड एक-दोन दिवसांत फुटतात हे खरे, पण डोंगर हिरवा दिसावा इतके ते वाढायला पाच-सहा दिवस तरी जातात. म्हणूनच बेळगावात ज्यांच्या दारी दरवर्षी किल्ला होतो ती मंडळी वसुबारसेच्या आधीच माती कालवायला घेतात. त्यातून पाऊस सरला की आपल्याकडे रात्री गार होऊ लागतात आणि गारव्यात बी आणखी रेंगाळते.

दुसरे असे की, आपण जोडलेल्या छायाचित्रातच याचे उत्तर आहे. उजव्या बुरुजाखाली जिथे मातीचा थर घसरला आहे, तिथे अळिवाचे दाणे बोटभर खोल, एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात आणि त्यांतल्या काहींना पांढरे मोड फुटलेले आहेत. बी मेलेले असते तर हे मोड दिसलेच नसते. अळीव भिजले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण धरते आणि त्या चिकटपणामुळेच तो उभ्या उतारावरसुद्धा टिकून राहतो. म्हणून तो ओल्या मातीवर नुसता भुरभुरायचा असतो, त्यावर माती लोटायची नसते. मोहरी मात्र मातीने हलकी झाकावी लागते. दोन्ही पुड्या वेगळ्या दिलेल्या असतात त्या याचसाठी, आणि संचातील कागदावर तसे लिहिलेलेही आहे.

भेगांचेही तसेच आहे. तांबडी माती काळ्या मातीइतकी फुटत नाही, परंतु गच्चीवरच्या उन्हात वरचा थर एकाएकी वाळला तर तिलाही भेगा जातात. ओले करून किल्ल्यावर पांघरण्यासाठी दिलेले गोणपाट आपल्या छायाचित्रात कठड्यावर घडीसुद्धा न मोडता ठेवलेले आहे, हे पाहून वाईट वाटले.

जुलै 2025 मध्ये रायगड, राजगड, पन्हाळा यांच्यासह 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून बहुतेक पालक रायगडच मागतात. आम्ही राजहंसगडाचा आराखडा मुद्दाम देतो, कारण बेळगावजवळच्या येळ्ळूरला जाऊन मुलाला तो किल्ला प्रत्यक्ष पाहता येतो आणि घरी येऊन आपला बुरूज कुठे चुकला हे त्याचे त्यालाच कळते. आई-वडिलांनी मुलाबरोबर मातीत हात घालावा, एवढ्यासाठीच आम्ही हा उद्योग सुरू केला. तयार प्लास्टरचा किल्ला विकणे आम्हाला कितीतरी सोपे गेले असते.

किमतीबद्दल एवढेच सांगतो की, माती खानापूर भागातून आणून, खडे वेचून, चाळून दिली जाते आणि मावळे हाताने रंगवलेले असतात. ज्यांच्या परसात माती आहे त्यांनी संच घेऊ नये, असे आम्ही स्वतःच सांगतो.

आमच्यासारख्या लहान दुकानाचे संक्रांतीपर्यंतचे घर दिवाळीच्या या पंधरवड्यावर चालते. आपला अभिप्राय आल्यापासून दोन-तीन पालकांनी फोनवर ‘बी ताजे आहे ना?’ असे विचारले. ज्या पुडीतले बी आम्ही विकतो त्यातलेच दुकानाच्या दारातल्या किल्ल्यावर टाकले आहे आणि ते आज वीतभर नसले तरी चांगले बोटभर वर आलेले आहे. कोणीही येऊन पाहावे.

पुढील वर्षी पेरणीचा दिवस पाकिटावर ठळक छापण्याचा विचार आहे, इतरही काही सुधारणा करू. आपला किल्ला अजून मोडला नसेल तर आपल्यासाठी अळिवाची एक पुडी बाजूला काढून ठेवली आहे, तिचे पैसे नकोत. तुळशीच्या लग्नापर्यंत वेळ आहे. तारे आपण द्याल तेवढे द्यावेत. ‘बी जुने होते’ हे वाक्य मात्र, छायाचित्र पुन्हा एकदा पाहून, मागे घ्यावे ही नम्र विनंती.