कॅथरीन हेपबर्नचं १९३८ साल
हॉलिवूडची अभिनेत्री कॅथरीन हेपबर्नवरचा हा लेख छान, पण तिच्या चार ऑस्करवरच सगळा भर दिलाय आणि १९३८ एका ओळीत उरकलंय, ते खटकलं. त्या वर्षी थिएटरमालकांच्या संघटनेने जाहिरात देऊन तिला चक्क 'बॉक्स ऑफिस पॉयझन' (जिच्या नावावर सिनेमे चालत नाहीत अशी) ठरवलं होतं, म्हणजे करिअर संपल्यातच जमा. बाई खचली नाही, ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी) 'द फिलाडेल्फिया स्टोरी' हे नाटक गाजवलं आणि सिनेमाचे हक्क आधीच हातात होते (धनाढ्य उद्योगपती हॉवर्ड ह्यूजने घेऊन दिलेले) त्यामुळे एमजीएम स्टुडिओला डायरेक्टर, सहकलाकार तिच्या पसंतीने घ्यावे लागले. स्टुडिओवाले नट्यांना करारात जखडून ठेवायचे त्या काळात हे केवढं धाडस!! चौथं ऑस्कर तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी, १९८२ ला, आणि चारपैकी एकही घ्यायला ती स्वतः गेली नाही. मला तरी ती ऑस्करपेक्षा त्या हक्कांसाठी जास्त मोठी वाटते.