रस्ता न बांधण्याचा कायदा

१९९८ साली अमेरिकेच्या संसदेने एक छोटासा कायदा केला. मिशिगन राज्याच्या उत्तरेला सुपीरियर सरोवराच्या काठी ‘पिक्चर्ड रॉक्स’ नावाचा संरक्षित प्रदेश आहे. तिथे काठाकाठाने गाड्यांसाठी रस्ता बांधायचा नाही, असं त्या कायद्याने ठरवून टाकलं. आणि हा रस्ता काही कुणा ठेकेदाराच्या डोक्यातून निघालेला नव्हता. १९६६ साली ज्या कायद्याने हा प्रदेश राखून ठेवला, त्याच कायद्यात रस्त्याची तरतूद होती. लोकांनी गाडीतून फिरत सरोवर बघावं, असा हेतू. तीस वर्षं योजना आल्या, आराखडे झाले, विरोध झाला, आणि शेवटी कायद्यातली ती तरतूदच काढून टाकली. आतल्या बाजूने जाणारा जुना रस्ता सुधारायचा आणि काठ चालणाऱ्यांसाठी सोडायचा, असं ठरलं.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाकडे डेट्रॉइटजवळ गेले होते, तेव्हा त्या काठावरून चालून आले. तेव्हापासून पुण्याजवळच्या पानशेत धरणाच्या रस्त्याने गेलं की मन शांत राहत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी जागेबद्दल सांगते, कारण आपल्याकडे अमेरिका म्हटलं की नायगारा आणि ग्रँड कॅन्यन, इथपर्यंतच यादी जाते. सुपीरियर हे क्षेत्रफळाने जगातलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून मोठं. काठावर उभं राहिलं की पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, आणि ओंजळीत घेतलेलं पाणी मात्र खारट नाही. कोकणात वाढलेल्या माझ्या वहिनीला पहिल्यांदा हे पटेच ना. पाणी ऐन उन्हाळ्यातही इतकं गार की घोट्यापर्यंत उतरलं तरी कळ येते.

या सरोवराच्या दक्षिण काठावर म्युनिसिंग आणि ग्रँड मरे या दोन छोट्या गावांच्या मध्ये सुमारे ६७ किलोमीटरचा किनारा राखलेला आहे. पुण्याहून लोणावळा जेवढं, साधारण तेवढा. त्यातल्या २४ एक किलोमीटरवर वालुकाश्माचे कडे थेट पाण्यातून उठतात. उंची १५ पासून ६० मीटरपर्यंत. उंचीचं म्हणाल तर कोकणकड्यापुढे हे काहीच नाही, आणि सह्याद्री पाहिलेल्या माणसाने उंचीसाठी तिथे जाऊही नये. जायचं ते रंगांसाठी.

हे रंग दगडाच्या पोटातून आलेले आहेत. दगड सच्छिद्र, त्याला भेगा. पाऊस आणि बर्फाचं पाणी वरून मुरतं, जाताना खनिजं विरघळवून घेतं आणि कड्याच्या तोंडावर येऊन झिरपतं. पाणी वाळून जातं, खनिज मागे राहतं. लोहामुळे तांबडा आणि नारिंगी, तांब्यामुळे निळा-हिरवा, मँगनीजमुळे तपकिरी आणि काळा. हे सगळे रंग उभ्या ओघळांनी खाली उतरलेले, एकाशेजारी एक, जणू रंगाऱ्याने डबे वरून ओतून दिलेत. कडे वायव्येकडे तोंड करून उभे आहेत, त्यामुळे सकाळी ते सावलीत असतात आणि संध्याकाळचं ऊन सरळ त्यांच्यावर पडतं. बोटीने जायचं तर दिवसाची शेवटची फेरी घ्यावी. आम्ही तीच घेतली आणि भाचा पूर्ण वेळ कठड्याला धरून उभा होता. “आत्या, तो बघ, तो हिरवा बघ,” एवढंच चाललं होतं त्याचं.

आपल्या घाटातल्या कड्यांमध्येही दोन लाव्हाथरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, पावसाळ्यात तर तो ओला होऊन उठून दिसतो. आपला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तिथला वालुकाश्म पन्नास कोटींच्या आसपासचा. भूगर्भशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाने पोरांना ताम्हिणीत नेऊन हा पट्टा दाखवावा, असं मला फार वाटतं.

पण बोटीतून दिसतं ते अर्धंच. खरा अनुभव चालण्याचा. चॅपल नावाच्या भागात सुमारे सोळा किलोमीटरची गोल वाट आहे. सुरुवातीच्या जागेपर्यंतच कच्च्या, खड्ड्यांच्या रस्त्याने जावं लागतं. मग बीच आणि मेपलच्या जंगलातून धबधब्यापाशी, तिथून उतरून वाळूच्या पुळणीवर, आणि मग कड्याच्या माथ्यावरून पाण्याला धरून. ती वाट कधी कड्याच्या अगदी कडेला येते. कठडा नाही. सुरुवातीलाच पाटी लावून सांगितलेलं असतं की कडा खालून पोखरलेला असतो, काठावर जाऊ नका. तिथून पुढे जबाबदारी तुमची. वाटेत एक टपरी नाही, एक दुकान नाही. सुरुवातीला स्वच्छतागृह, आणि मग आपला कचरा आपल्या पाठीवर. डास आणि चावऱ्या माश्या भरपूर, जून-जुलैत जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे न्यावेत.

याच वाटेवर चॅपल रॉक आहे. पाण्यालगतचा एक एकटा सुळका, वर एकच पाइनचं झाड. पूर्वी हा सुळका दगडाच्या कमानीने मुख्य कड्याला जोडलेला होता. १९४० च्या दशकात कमान पडली. झाडाचं मूळ मात्र कमानीवरून पलीकडच्या मातीत आधीच पोचलेलं होतं. ते आज मधल्या पोकळीवरून दोरखंडासारखं गेलेलं आहे आणि झाड हिरवंगार आहे. मी तिथे किती वेळ बसले मला सांगता येणार नाही. पुढे मायनर्स कॅसल नावाच्या दुसऱ्या एका सुळक्याचे दोन बुरूज होते, त्यातला एक १३ एप्रिल २००६ रोजी पाण्यात कोसळला. तिथे काँक्रीट ओतून तो परत उभा केला नाही, उरलेल्याला जाळ्या मारल्या नाहीत. जे झिजतंय ते झिजू दिलंय.

आता कुणी म्हणेल, त्यांच्याकडे अस्पर्श जंगल होतं, म्हणून राखलं. तसं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकूड कंपन्यांनी हा सगळा पट्टा तोडून नेला होता. ‘लॉग स्लाइड’ नावाची जागा आजही आहे, तिथून ओंडके उतारावरून थेट सरोवरात सोडत. आज जे दाट रान दिसतं ते त्यानंतर पुन्हा उगवलेलं आहे. आणि त्याही आधी ही जमीन ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवाशांची. १८३६ च्या करारात ती त्यांच्या हातून गेली. मासेमारीचा हक्क त्यांनी त्या करारात राखला होता, तो न्यायालयाने मान्य करायला १९७९ उजाडलं. तेव्हा तिथे सगळं आदर्श होतं असं मी मुळीच म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की उजाड केलेला, कुणाकुणाच्या मालकीत वाटला गेलेला काठसुद्धा, ठरवलं तर, सर्वांसाठी परत मोकळा करता येतो.

त्या १९६६ च्या कायद्यातली आणखी एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. त्यांनी दोन पट्टे आखले. पाण्यालगतचा पट्टा पूर्ण संरक्षित. त्याच्या मागचा, क्षेत्राने त्याहून थोडा मोठाच, पट्टा राज्य सरकार, लाकूड कंपन्या आणि खासगी मालक यांच्याकडे राहू दिला. तिथे झाडं तोडायची मुभा आहे, पण रान टिकेल अशा बेताने. म्हणजे माणसांना हुसकावून लावलं नाही, त्यांचा धंदा बंद केला नाही, पण पाणी आणि माणूस यांच्या मधली जागा विक्रीतून काढून घेतली.

आता आपल्याकडे या.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. पुण्याला पाणी देणारी ही चार धरणं. जोडीला पवना आणि मुळशी. यांचा सगळा काठ मिळून किती लांब होईल, नकाशावर बोट फिरवून बघा. आणि आता सांगा, त्यातल्या किती काठावर तुम्ही-आम्ही सरळ जाऊन चालू शकतो? रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीला रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, एका हातात कणीस, मागे गाड्यांचे भोंगे, पुढे धरणाची भिंत. लाखो पुणेकरांच्या वाट्याला आलेला काठ तो एवढा. बाकीच्या काठाच्या जाहिराती आपण वाचतो. ‘लेक टच प्लॉट’, ‘वॉटर टच बंगलो’, ‘प्रायव्हेट बॅकवॉटर व्ह्यू’. पाण्याला स्पर्श करणारी जमीन विकत मिळते म्हणजे बाकीच्यांनी त्या पाण्याला स्पर्श करायचा नाही, हे त्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं, पण तिचा अर्थ तोच असतो.

एका जलाशयाच्या काठची जुनी पायवाट धरून आम्ही काही मैत्रिणी निघालो होतो. गावातल्या एका आजींनी वाट दाखवली होती, त्या लहानपणी त्याच वाटेने गुरं घेऊन जायच्या. थोड्या अंतरावर तारेचं कुंपण आणि रखवालदार. “पुढं खासगी आहे.” पाणी दहा पावलांवर होतं. कुंपण त्या पाण्यात उतरलेलं होतं.

सरकारी धरणासाठी जमीन संपादित होते ती पाणी जिथवर चढतं तिथवर. पाणी ओसरलं की उघडी पडणारी ती पट्टी सरकारची, म्हणजे आपली असते. तिच्यावर कुंपण घालायचा हक्क कुठल्याही सात-बाऱ्याने मिळत नाही. मग जलसंपदा खात्याने आपल्या संपादनरेषेवर दगड रोवून, नकाशा सगळ्यांना बघायला मिळेल असा का ठेवू नये?

यावर लोक जे म्हणतात ते मी ऐकलंय. पहिलं म्हणजे, हे पिण्याचं पाणी आहे, लोक गेले की घाण होणार. चिंता अगदी रास्त आहे. म्हणूनच तिथे पार्ट्या, तंबूंच्या वसाहती, गाड्या धुणं, काही नको. पण पायी चालणारा माणूस पाणी किती घाण करेल आणि काठावरच्या बंगल्याचं सांडपाणी किती करेल, हा हिशोबही त्याच चिंतेने व्हायला हवा.

दुसरं, सुरक्षितता. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळ पुण्यातलं एक कुटुंब वाहून गेलं. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, चार जीव गेले. दर पावसाळ्यात मग बंदीचे आदेश निघतात. धोक्याच्या जागी बंदी हवीच. पण पुणे-पिंपरीतली एवढी माणसं पावसाळ्यातल्या रविवारी मोजक्या चार-सहा जागांवर कोंबली जातात, हे कुणी बोलत नाही. जायला जागा वाढवल्या, वाटा आखल्या, पाट्या लावल्या, रोजची संख्या ठरवली, तर गर्दी पांगते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आहे, रोजच्या माणसांना मर्यादा आहे, आजूबाजूच्या गावांचा व्यवस्थेत सहभाग आहे. म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात हे चालू आहे. पिक्चर्ड रॉक्सला २०२२ पासून प्रवेश शुल्क लागतं आणि त्यातला मोठा हिस्सा त्याच जागेवर खर्च होतो. आपल्याकडे तो गावांना मिळावा.

कारण गावांचा हक्क पहिला. ज्यांची घरं, देवळं, भाताची खाचरं पाण्याखाली गेली, त्यांना काठावर पाऊल ठेवायला रखवालदाराची परवानगी लागते, याइतकी चीड आणणारी गोष्ट नाही. याच मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या बरोबर मावळे धरणाविरुद्ध उभे राहिले होते. त्यांच्या पणतवंडांनी वाटाड्या व्हावं, घरी पिठलं-भाकरी खाऊ घालावी, वाट राखावी आणि त्याचे पैसे घ्यावेत. फार्महाऊसची बाग राखण्यापेक्षा ते काम कितीतरी मानाचं आहे.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात मनाला लागतं. “म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? रस्ता नको म्हणता, त्यांनी बघायचंच नाही का?” माझ्या आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. मायनर्स कॅसलला गाडी थेट जवळ जाते, चाकाच्या खुर्चीवरून जाता येईल अशी वाट आणि सज्जा आहे. तिथे बसून सुळका, कडे, सगळं दिसतं. म्हणजे काही ठिकाणी सगळ्यांना पोचता येईल अशी नीट सोय करायची आणि बाकीचा काठ मोकळा सोडायचा. प्रत्येक टेकडीवरून रस्ता नेल्याशिवाय ज्येष्ठांची सोय होत नाही, हे खरं नाही.

पुण्यातल्या वेताळ टेकडीचं वेगळं सांगायला नको. टेकडीवर आखलेला बालभारती ते पौड फाटा रस्ता, बोगदे, त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये टेकडीसाठी रस्त्यावर उतरलेले पुणेकर. त्या वेळी आपल्याला विकासाचे विरोधक म्हटलं गेलं. एका देशाच्या संसदेने आधीच मंजूर केलेला रस्ता तीस वर्षांनी कायदा करून रद्द केला, हे उदाहरण पुढच्या सुनावणीला कुणीतरी जरूर मांडावं.

तर आता काम. पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी यांच्या काठच्या जुन्या पायवाटा ज्यांना माहीत आहेत, ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा त्या वाटांनी बाजाराला, जत्रेला, दुसऱ्या गावाला जायचे, त्यांनी खाली लिहा. कुठून कुठे जात होती, आता कुठे अडते. फोटो असेल तर टाका, पण कुणाचं नाव, फोन टाकू नका. या वाटा जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या बारीक तपशिलांच्या नकाशांवर, जुळवून बघायची तयारी असलेले दोन-तीन जण हवेत, भूगोलाचे विद्यार्थी असले तर उत्तम. नकाशा तयार झाला की संपादनरेषेची माहिती आपण रीतसर माहिती अधिकारात मागू, आणि दोन्ही शेजारी ठेवून गावोगावच्या ग्रामसभांपुढे नेऊ. पहिली वाट कुठली घ्यायची, हे त्या गावांनी ठरवावं.