1923 ची जर्मन महागाई: फिरत्या मजकुरातलं खरं किती?

"पहिल्या महायुद्धाची नुकसानभरपाई फेडायला जर्मनीने नोटा छापल्या, सगळा देश भिकेला लागला, जमीन तारण ठेवून नवं चलन काढलं तेव्हा महागाई थांबली आणि त्या संतापात लोकांनी हिटलरला निवडून दिलं." हा मजकूर वारंवार वाचायला मिळतो. यातला जवळपास प्रत्येक दावा तपासण्यासारखा आहे.

नोटा छापून भरपाई फेडता येतच नव्हती. मे 1921 मध्ये ठरलेले 132 अब्ज मार्क हे सुवर्णमार्क, म्हणजे सोन्याच्या मोलात मोजलेले मार्क होते. हप्ते सोनं, परकीय चलन किंवा कोळशासारख्या मालाच्या रूपात द्यायचे. परकीय चलन घेण्यासाठी सरकारने कागदी मार्क विकले आणि त्याने मार्क घसरला, एवढं खरं. पण दुखणं 1914 चं. युद्ध लागताच नोटेच्या बदल्यात सोनं देणं बंद झालं, आणि खर्च करांऐवजी मुख्यतः कर्जातून भागवला गेला. जुलै 1914 मध्ये डॉलर 4.2 मार्कांना होता. भरपाईचा एकूण आकडा ठरायला दीड वर्ष बाकी असतानाच डॉलर पन्नासच्या घरात गेला होता.

कडेलोट झाला तो रुर या जर्मनीच्या कोळसा-पोलादाच्या प्रदेशामुळे. 11 जानेवारी 1923 ला फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य तिथे घुसलं. जर्मनीने त्या दोघांचे हप्ते थांबवले आणि असहकार पुकारला. म्हणजे महागाई सर्वांत भयंकर झाली ती हे हप्ते बंद असताना! काम बंद ठेवलेल्या कामगारांचा पगार सरकार देत होतं, तोही छापलेल्या नोटांतून. कराची आकारणी आणि भरणा यांत महिने जात, तोवर त्या रकमेची माती होई. त्यात राइशबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, जुलै 1922 पर्यंत हुंड्या (पुढच्या तारखेला पैसे देण्याची वचनपत्रं) मुदतीआधी वटवण्याचा व्याजदर फक्त 5 टक्के ठेवला होता. कारखानदार हुंडी वटवून माल घेत आणि कर्ज रद्दीच्या मोलाने फेडत.

म्हणूनच "सगळे बुडाले" हेही चूक. ठेवीदार आणि व्याजावर जगणारे धुऊन निघाले, कर्जदार मात्र तरले. सर्वांत मोठा कर्जदार सरकारच: युद्धाचं 154 अब्ज मार्कांचं देशांतर्गत कर्ज नोव्हेंबर 1923 मध्ये जुन्या मोलाने सुमारे 15 फेनिग (फेनिग म्हणजे मार्कचा शंभरावा भाग) उरलं.

रेन्टेनमार्क या नव्या चलनामागे शेती-उद्योगांचं तारण होतं, पण नोट दाखवून कुणाला जमीन मिळत नव्हती. खरं औषध होतं हात आखडणं. 15 नोव्हेंबरला ही नोट आली त्याच दिवशी राइशबँकेने सरकारी हुंड्या वटवणं थांबवलं. रेन्टेनमार्क काढणाऱ्या नव्या बँकेकडून सरकारला मिळणाऱ्या कर्जावर 1.2 अब्जांची मर्यादा घातली गेली. एका रेन्टेनमार्कला एक लाख कोटी कागदी मार्क, असा भाव ठरला.

राहिला हिटलर. नोव्हेंबर 1923 चा त्याचा म्युनिकमधला उठाव फसला. मे 1928 मध्ये नाझींना 2.6 टक्के मतं पडली, जुलै 1932 मध्ये 37.3. मधल्या काळात भाव चढत नव्हते, पडत होते. चॅन्सेलर (सरकारप्रमुख) ब्रूनिंगच्या सरकारने डिसेंबर 1931 मध्ये वटहुकुमाने पगार आणि किमती दोन्ही कापल्या. 1932 च्या सुरुवातीला बेकार 60 लाखांवर गेले. 1923 ची धास्ती हे सरकारने हात सैल न सोडण्याचं एक कारण होतं, एवढाच काय तो दुवा. आणि चॅन्सेलरपद हिटलरला बहुमताने मिळालं नाही. 30 जानेवारी 1933 ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला नेमलं.