दवाखाना विकला, पैसा मात्र डोंगरातच राहिला

आमच्या चंद्रपूरकरांच्या ग्रुपवर खनिज निधीचा, म्हणजे खाणींतून जिल्ह्याला मिळणाऱ्या पैशाचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकाला त्यातून सीटी स्कॅन, डायलिसिस आणि टोलेजंग इमारत हवी असते. दुसरा म्हणतो, आधी कोळशाची धूळ आणि पिण्याचं पाणी बघा. मग कोणीतरी फोडणी घालतो, "कलेक्टरच्या हातात कशाला देता? एखादा डॉक्टर बसवा तिथे." परवा हेच झालं आणि माझ्याकडे बोट गेलं, कारण मी अमेरिकेत राहतो त्या भागात लोकांच्या आरोग्यासाठीचा असा मोठा पैसा खरंच एका डॉक्टरच्या हाताखाली आहे. ग्रुपवर मावणार नाही, म्हणून इथे लिहितोय.

हा पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाचा, अॅशव्हिलच्या आसपासचा डोंगराळ मुलूख. इथली मिशन हेल्थ ही ना-नफा रुग्णालयांची साखळी २०१९ मध्ये एचसीए या नफ्यावर चालणाऱ्या कंपनीने सुमारे दीड अब्ज डॉलरला घेतली. धर्मादाय संस्था विकली तरी आलेला पैसा इकडच्या कायद्याने धर्मादायच राहतो, कोणाच्या खिशात जात नाही. त्यातून डॉगवुड हेल्थ ट्रस्ट उभा राहिला. कार्यक्षेत्र १८ काउंट्या (इकडचे जिल्हे) आणि चेरोकी या मूळ रहिवासी लोकांचा क्वाला बाउंडरी हा प्रदेश. त्याच्या प्रमुख डॉ. सुझन मिम्स बालरोगतज्ज्ञ आहेत.

ट्रस्टने कामाची चार क्षेत्रं ठरवली: घर, शिक्षण, रोजगार आणि आरोग्य. आरोग्याच्या पैशातून घरं? आमच्या ग्रुपवर याला सरळ घोटाळा म्हणतील. पण लहान मुलं तपासण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या डॉक्टरला हे समजावून सांगावं लागत नाही. भिंतींना बुरशी धरलेल्या घरातलं दम्याचं पोर येतं, औषध घेऊन त्याच घरात परत जातं आणि महिन्याभरात पुन्हा दारात उभं राहतं. त्याचा इलाज औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

डॉगवुडने सुरू केलेल्या इम्पॅक्ट हेल्थ या संस्थेने राज्याचा एक प्रयोग या भागात चालवला. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात गरिबांच्या मेडिकेड या सरकारी विम्यातून भाजीपाला, घराची दुरुस्ती, दवाखान्यापर्यंतची गाडी यांचा खर्च भागवला जाई. भाजीची अशी एक पेटी मी पाहिली आहे. कोबी, रताळी, सफरचंदं आणि वर एक कागद: पुढच्या वेळी काय हवं, काय नको ते खूण करून सांगा. मधुमेह असलेल्या बाईंनी बटाट्यावर ठसठशीत फुली मारली होती आणि पालेभाजीपुढे दोन बरोबरच्या खुणा. आहाराचा सल्ला देणारे छापील कागद मी ढीगभर पाहिले, रुग्णाने भरलेला हा पहिलाच. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या तिजोरीतून पैसे आले नाहीत आणि हे सगळं थांबलं. म्हणजे फाउंडेशन कितीही गब्बर असलं तरी सरकारने हात काढल्यावर ते ओझं पेलत नाही. आपल्याकडे 'ट्रस्ट करेल, सरकार कशाला' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि या पैशाची किंमतही सांगायला हवी. ज्या विक्रीतून ट्रस्ट आला, त्याच विक्रीत लोकांचं हॉस्पिटल गेलं. कंपनीने आपत्कालीन आणि कर्करोग सेवेबाबत दिलेला शब्द मोडला, असा आरोप करत राज्याच्या अॅटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाने, डिसेंबर २०२३ मध्ये खटला भरला. इथली जुनी माणसं अजून "आमचं हॉस्पिटल विकलं" असंच म्हणतात. ट्रस्टच्या सुरुवातीच्या मंडळावर एकाच काउंटीच्या मंडळींचा वरचष्मा आहे, अशी ओरड झाली होती ती वेगळीच. तेव्हा कोणी हे 'मॉडेल' उचलून आणा म्हणेल, तर माझा विरोध आहे. जिल्हा रुग्णालयाला हात लावू नका.

उचलण्याची गरजही नाही. २०१५ मध्ये खाण कायदा बदलला आणि खाणी असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाले सरकारला खनिजाबद्दल जी रॉयल्टी देतात, तिच्या जुन्या खाणपट्ट्यांवर ३० टक्के आणि लिलावात गेलेल्या पट्ट्यांवर १० टक्के इतकी रक्कम त्यात जमा होते. तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांनी निदान ६० टक्के खर्च पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर करायला सांगितलं. डॉगवुडला एकदाच मिळालेली ठेव पुरवून वापरायची आहे; आपल्याकडे खाण चालू आहे तोवर पैसा येतच राहणार. तरी तक्रारी त्याच त्या: निधी पडून राहतो, नाहीतर रस्ते आणि इमारतींत मुरतो.

आणि आरोग्य दवाखान्याबाहेर घडतं ही जाण म्हणाल, तर ती अमेरिकेने आपल्याला शिकवायची नाही. आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा आधी पाण्याकडे आणि अन्नाकडे पाहिलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू खाली आणले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढे सरकारने आशांमार्फत ती पद्धत देशभर नेली. हे सगळं डॉक्टरांनीच केलं, पण मुक्काम ठोकून. जिल्ह्याचा पैसा ज्यांच्या सहीने निघतो, त्यांची मात्र दोन-तीन वर्षांत बदली होते.

म्हणून डॉक्टर हवा हे मला पटतं, पण कोणताही डॉक्टर नको. स्वतःचं नर्सिंग होम असलेले सर्जन बसवाल, तर पहिल्याच बैठकीत यंत्रांची यादी येईल. अध्यक्षपद २०२१ च्या केंद्राच्या आदेशाने कलेक्टरकडे आहे, ते तिथेच राहू द्या. ऑडिटला उत्तर देणारा कोणीतरी लागतो. आरोग्याच्या वाट्यासाठी मात्र सामाजिक आरोग्यात मुरलेला पूर्णवेळ डॉक्टर नेमा. किमान पाच वर्षांसाठी, खासगी प्रॅक्टिस बंद करून, आणि कोणत्या गावात काय बदललं हे दरवर्षी ग्रामसभेत सांगण्याच्या अटीवर. पगार कुठून, हा प्रश्न ग्रुपवर हमखास येईल. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यात एका माणसाचा पगार आरामात बसतो. आणि हो, तो चंद्रपुरात घर करून राहणारा हवा. नागपूरहून अप-डाऊन करणारा नको.