मोल म्हणजे मोजणी, वजन नव्हे

रसायनशास्त्रातील मोल या एककाविषयीच्या, मी वाचलेल्या लेखात लेखकांनी मोलची ओळख 'ग्रॅममधील वस्तुमान भागिले रेणुवस्तुमान' या सूत्राने करून दिली आहे. गणिते सोडवायला ते पुरेसे असले, तरी मोल ही कणांची मोजणी आहे, ही मूळ गोष्ट त्यामुळे मागे पडते. १८ ग्रॅम पाण्यात जितके रेणू असतात, तितकीच ५८.५ ग्रॅम मिठात सोडियम क्लोराइडची सूत्र-एकके असतात (मिठात सुटे रेणू नसतात, आयनांची जाळी असते), हे दोन्ही पदार्थ समोर ठेवून दाखवले, तर सूत्र नंतर सांगितले तरी चालते.

लिमिटिंग रिएजंटवरचा (म्हणजे अभिक्रियेत आधी संपणाऱ्या पदार्थावरचा) परिच्छेद तर फारच घाईत उरकला आहे. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांची अभिक्रिया घडवली, तर आधी काय संपेल, असे विचारल्यावर वजन कमी म्हणून बहुतेक मुले हायड्रोजनचे नाव घेतात. प्रत्यक्षात येथे हायड्रोजन २ मोल आणि ऑक्सिजन अवघा अर्धा मोल आहे आणि एक मोल ऑक्सिजनला दोन मोल हायड्रोजन लागत असल्याने ऑक्सिजन आधी संपतो, १८ ग्रॅम पाणी तयार होते आणि २ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो.

एक दुरुस्तीही सुचवतो. कार्बन-१२ च्या १२ ग्रॅमवर आधारलेली, लेखात दिलेली व्याख्या आता जुनी झाली असून, २० मे २०१९ पासून एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण, अशी व्याख्या लागू आहे.