कॅरिबियनला जायचं तर मे महिन्यातच

कॅरिबियनला जायचं असेल तर मे ते जुलै हाच काळ निवडा. न्यू जर्सीपासून डॅलसपर्यंतच्या मराठी घरांना तसाही दुसरा पर्याय नसतो. मुलांच्या शाळा सुटलेल्या किंवा सुटायच्या बेतात असतात, पुण्याहून आई-बाबा आलेले असतात, नायगारा आणि वॉशिंग्टन बघून झालेलं असतं, बोस्टनच्या मावसभावाकडे दोनदा जेवून झालेलं असतं. आता यांना कुठे न्यायचं, हा प्रश्न घरात दबा धरून बसलेला असतो. नेमकं तेव्हाच ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ पॅकेज स्वस्तात दिसतं. झडप घाला. डिसेंबर ते मार्च आकाशाला भिडलेले दर मेमध्ये असे जमिनीवर का आले, असल्या शंका काढू नका. शंकेखोर माणसाला आयुष्यात कधी समुद्र दिसत नाही. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, हा एक किरकोळ तपशील झाला. दुसरा तपशील समुद्रातून वाहत येणाऱ्या शेवाळाचा, तो तुम्हाला तिथे पोचल्यावर वासावरून कळेलच.

बेट निवडलंत, आता बाजू निवडा. इथे चूक करू नका: पूर्वेचीच घ्या. बाबांना पहाटे साडेचारला जाग येते आणि त्यांना खोलीच्या गॅलरीतून सूर्योदय बघायचा असतो. त्या भागात व्यापारी वारे वर्षभर पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे अटलांटिकमधून जे काही तरंगत येतं ते आधी पूर्व किनाऱ्यावर धडकतं, एवढं पाचवीच्या भूगोलातही असतं. पण सुट्टीत भूगोल कशाला? म्हणून डोमिनिकन रिपब्लिकच्या पूर्व टोकाचं पुंता काना घ्या, नाहीतर बार्बाडोसची बाथशेबाकडची बाजू. अरूबाचा पाम बीच, जमैकाचं नेग्रिल, ग्रँड केमनचा सेव्हन माइल बीच, बार्बाडोसचाच पश्चिम किनारा ही सगळी ठिकाणं वाऱ्याच्या आडोशाला आहेत आणि पुष्कळदा स्वच्छ राहतात. तिथे तक्रारीला फारसा वाव नाही. गेल्यासारखं वाटणारच नाही.

निघण्यापूर्वी एक पथ्य पाळा. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाची एक प्रयोगशाळा उपग्रहांची चित्रं तपासून समुद्रात कुठे किती शेवाळ तरंगतंय याची पत्रिका दर महिन्याला काढते, आणि तीही फुकट. ती चुकूनही उघडू नका. आपण हॉटेलच्या वेबसाइटवरचा फोटो बघायचा. त्यात पाणी निळं असतं, वाळू पांढरी असते, एक नारळाचं झाड वाकलेलं असतं आणि हॅमॉकवर जी बाई पहुडलेली असते तिला नाक असल्याची शंकासुद्धा येत नाही.

तर ते जे येतं त्याचं नाव सरगॅसम. तपकिरी, फांद्याफांद्यांचं, मण्याएवढ्या हवेच्या फुग्यांवर तरंगणारं समुद्री शेवाळ. हातात घेऊन एक फुगा चिमटीत दाबला तर पुटकन फुटतो; मुलांचा अर्धा तास जातो, पॅकेजमध्ये हे धरलेलं नाही. याला मुळं नसतात, जमीन लागत नाही. तुकडा पडला की तुकडा वाढतो. कोलंबस १४९२ मध्ये या शेवाळातूनच पुढे गेला, आणि त्याच्या खलाशांना भीती वाटली की जहाज आता इथेच अडकणार. त्यांनाही कुणी पत्रिका दाखवली नव्हती. फरक इतकाच, की तेव्हा ते उत्तर अटलांटिकमधल्या सरगॅसो समुद्रात गुण्यागोविंदाने नांदत होतं. २०११ पासून त्याने आणखी दक्षिणेला नवा संसार थाटला. आता दर उन्हाळ्यात पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत त्याचा पट्टा पसरतो. २०१८ मध्ये हा पट्टा ८,८५० किलोमीटर लांब होता आणि त्यात २ कोटी टनांहून जास्त शेवाळ होतं. २०२५ च्या मे महिन्यात ते ३ कोटी ७५ लाख टनांवर गेलं. तुमच्या खोलीसमोर आलंय ते यातलं फार तर काही ट्रक. तेवढ्यावरून हॉटेलवाल्याने तुमच्यासाठी खास मागवलंय असा समज करून घ्यायला हरकत नाही.

पोचल्या पोचल्या रिसेप्शनवर जा. तिथे पाटी लावलेला एक कोवळा पोरगा उभा असेल. त्याला विचारा, “हे काय आहे?” तो म्हणेल, “सार्गासो, सेन्योर.” त्याला ठणकावून सांगा की फोटोत हे नव्हतं. तो सांगेल की सकाळी काढलं, दुपारी परत आलं. या उत्तराने समाधान मानू नका. मॅनेजरला बोलवायला सांगा. मॅनेजर तेच सांगेल, फक्त टाय लावून. मग आवाज थोडा चढवा, म्हणजे मागे सोफ्यावर बसलेले आई-बाबा अवघडून छताच्या पंख्याकडे बघायला लागतील. ब्राझीलच्या शेतांतून ॲमेझॉनवाटे समुद्रात जाणारी खतं, समुद्राच्या पोटातून वर येणारं स्फुरद, सहाराची उडून येणारी धूळ, २००९-१० च्या हिवाळ्यातले विचित्र वारे, तापलेलं पाणी, यातलं नेमकं कोण किती जबाबदार यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत. तुम्ही मात्र अपराधी पाच मिनिटांत हुडकून काढलात. तो रिसेप्शनवर उभा आहे आणि त्याची शिफ्ट संध्याकाळी सहाला संपते.

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर लवकर उठा. उजाडायच्या आत माणसं कामाला लागलेली दिसतील. गमबूट, हातात दाताळं, बरोबर एकचाकी ढकलगाडी. ओलं शेवाळ ओढायचं, गाडीत भरायचं, वाळूतून रेटत वर न्यायचं, रिकामी गाडी घेऊन परत. चाक वाळूत रुतलं की दुसरा येऊन पुढून ओढतो. उन्हं वर येईपर्यंत एवढासा पट्टा साफ होतो, तेवढ्यात भरती येते. हे दृश्य आरामखुर्चीतून फार छान दिसतं. नुसतं बघू नका, सूचना करा. “तिकडून ओढा, इकडे पाणी आहे.” त्यांना मराठी कळत नाही म्हणून थांबू नका. मग बाबांना ऐकू जाईल असं म्हणा, “यांना जेसीबी लावायला काय होतं?” जेसीबीची जातभाई यंत्रं लावतातच ते. मात्र त्यांच्या दातांबरोबर वाळूही जाते आणि किनारा खंगतो, आणि समुद्री कासवांची अंडी घालायची वेळही नेमकी हीच असल्यामुळे चाकांखाली घरटी येतात. कासवांनी आपलं वेळापत्रक तुमच्या मुलांच्या शाळेप्रमाणे बदलायला हवं होतं. हे सगळं बोलून झाल्यावर “आमच्याकडे असं नसतं” हे वाक्य टाका. पावसाळ्यात भरतीनंतर जुहूचा समुद्र आपलं प्लास्टिक आपल्याच दारात आणून ओततो, ती गोष्ट वेगळी. तो कचरा तरी आपला, ओळखीचा.

पोहायचं कसं? सरळ आत शिरा. किनाऱ्याजवळचं पाणी उकळून गाळायच्या बेतात असलेल्या चहासारखं दिसेल, चोथ्यासकट. पहिली चार पावलं गुळगुळीत लागतात, पुढची चार खरखरीत, आणि नंतर मांड्यांना काहीतरी गुदगुल्या करतंय असं वाटतं. ते करतंच असतं. त्या फांद्यांत बारीक बारीक जीव असतात आणि त्यातले काही डसतात. संध्याकाळी अंगावर लाल पुरळ उठलं की ते डासांचं आहे असं आईंना सांगा. नाहीतर त्या बॅगेतून ओडोमॉस काढतील. अर्थात ओडोमॉस त्या काढतीलच.

वासाचं म्हणाल तर धीर धरा, लगेच येत नाही. किनाऱ्यावर साचलेलं शेवाळ साधारण दोन दिवसांनी कुजायला लागतं आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया सुटतो. घरात कधी अंडंही न शिजवलेल्या आईंना सडक्या अंड्याचा वास कसा असतो ते अखेर कळतं. प्रवासाने ज्ञान वाढतं ते असं. त्याच वायूने चांदी काळी पडते. मुक्काम संपेपर्यंत आई पाय पुढे करून म्हणतील, “अहो, जोडवी बघा कशी झाली. त्या सराफाने फसवलं आपल्याला.” त्यांना रसायनशास्त्र समजावू नका. पुण्यातला एक सराफ विनाकारण शिव्या खातोय तर खाऊ दे, टूथपेस्ट आणून द्या.

तुमची जोडवी काळी होतात आणि तुम्ही विमानात बसता. मार्टिनिक आणि ग्वादलूपच्या किनाऱ्यावर ज्यांची घरंच आहेत त्यांचे फ्रिज, टीव्ही, एसी याच वायूने झिजून बंद पडतात. २०१८ मध्ये या दोन बेटांवर आठ महिन्यांत ११ हजारांहून जास्त लोक हा वायू हुंगून त्रास झाला म्हणून डॉक्टरांकडे गेले. डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची आग, श्वास लागणं. त्यांना कुणीतरी सुचवायला हवं की एवढा त्रास होतो तर जरा महिनाभर स्वित्झर्लंडला जाऊन या.

आता उपाय. हा विषय जेवणाच्या टेबलावर निघणारच, कारण शेजारच्या टेबलावर एडिसनचं आणखी एक मराठी कुटुंब सापडलेलं असतं आणि त्यांच्याबरोबर त्यांचे काका असतात. काका म्हणतात, “याचं खत का करत नाहीत? कोकणात नाही का आंब्याला समुद्रातलं शेवाळ घालत?” काकांना मान द्या. सेंट लुसियात त्याचं द्रवखत होतंही. मात्र सरगॅसम समुद्रातून आर्सेनिक शोषून घेतं, म्हणून उचललं आणि भाजीच्या वाफ्यात टाकलं असं जमत नाही. हे ऐकून काका थांबणार नाहीत. त्यांचा पुढचा प्रश्न असेल, “भजी होतील का याची?” बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनला २०२४ च्या जूनमध्ये टी-२० विश्वचषक जिंकल्यावर रोहित शर्माने चिमूटभर गवत तोंडात टाकलं होतं हे खरं, पण ते केन्सिंग्टन ओव्हलच्या खेळपट्टीवरचं होतं. काकांना ते बुफेच्या रांगेकडे वळवताना सांगा.

काकांच्या आधी हे प्रश्न इतरांनाही पडलेत, हा काकांचा मोठाच अपमान आहे. मेक्सिकोच्या पुएर्तो मोरेलोसमध्ये एका माळ्याने सरगॅसमच्या विटा पाडून २०१८ मध्ये घर उभं केलं. बार्बाडोसमध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या लेजेना हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रमच्या भट्टीचं सांडपाणी, मेंढ्यांची लेंडी आणि हे शेवाळ एकत्र कुजवून त्या वायूवर गाडी चालवून दाखवली. रम, लेंड्या आणि शेवाळ! बेटावरचं जे जे उदंड आहे त्यातून इंधन. आपण त्यातलं पहिलं बारवर जाऊन तेवढं संपवून मदत करू शकतो.

सरकारी पातळीवरचेही नमुने पाहून ठेवा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये उपयोगी पडतील. २०१९ मध्ये मेक्सिकोचे तेव्हाचे अध्यक्ष लोपेझ ओब्रादोर यांनी हा काही फार गंभीर प्रश्न नाही असं जाहीर केलं आणि तो अगंभीर प्रश्न सोडवायला नौदल पाठवलं. बार्बाडोसने २०१८ मध्ये आणीबाणी पुकारली. अमेरिकन व्हर्जिन बेटांपैकी सेंट क्रॉयवर २०२२ मध्ये खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या तोंडाशीच शेवाळ अडकलं, तेव्हा थेट त्या वेळचे अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन यांनी आणीबाणी मंजूर केली. तिथल्या लोकांना प्यायला पाणी मिळेल की नाही याची चिंता होती. तुम्ही मात्र पाण्याच्या रंगाबद्दल नाराज राहा. एका बेटावर एकच प्रकारची तक्रार असावी असा नियम नाही.

आणि हो, त्या बेटावरच्या कोळ्याशी शक्यतो बोलू नका, मूड जातो. बार्बाडोसचा राष्ट्रीय पदार्थ कू-कू, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि फ्लाइंग फिश हा मासा. हे शेवाळ येऊ लागल्यापासून तो मासा जाळ्यात पूर्वीसारखा लागत नाही, आणि होडीच्या पंख्यात शेवाळ गुंडाळलं गेलं की इंजीन बसतं. खोल समुद्रात याच शेवाळाच्या सावलीत माशांची पिल्लं वाढतात, कासवांची पिल्लं लपतात, म्हणजे ते मुळात वाईटही नाही. अशा दोन्ही बाजू असलेल्या गोष्टी फेसबुकवर टाकता येत नाहीत.

टाकायचे ते फोटो. त्याचं तंत्र सोपं आहे. समुद्राकडे तोंड करून, कंबरेच्या वर, क्षितिज बाबांच्या डोक्यामागे येईल असा घ्या. पायाखालचं काहीही दिसता कामा नये. वाऱ्याने आईंचा पदर उडाला तर उत्तम, अर्धं शेवाळ त्याने झाकतं. मुलांनी नाक धरलं असेल तर तो फोटो खोडकरपणाच्या सदरात जातो. खाली “पॅरेडाइज!” लिहा, म्हणजे कोथरूडमधल्या नणंदेला जे पोचायचं ते पोचेल आणि पुढच्या मेमध्ये तीही बुकिंग करेल.

घरी परतल्यावर कपडे धुण्याआधी रिव्ह्यू लिहा. जेवणाला पाच तारे, तलावाला पाच, समुद्राला एक, तोही शून्य देता येत नाही म्हणून. दाताळंवाल्यांचा उल्लेख नको, त्यांच्यासाठी वेगळा रकाना नसतो. दोन दिवसांनी हॉटेलचं उत्तर येईल: आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, परंतु समुद्र आमच्या अखत्यारीत येत नाही. त्याखाली ताबडतोब लिहा, मग ज्याच्या अखत्यारीत येतो त्याचा ईमेल पाठवा, आणि बाबांनाही सीसीत ठेवा.